जुन्या रहस्यकथांची पेटी
(मंडळाच्या वर्धापनदिनी चामोर्शी येथे केलेले भाषण)



आपल्या एका जुन्या सभासद बाईंच्या घरून मंडळाकडे एक लोखंडी पेटी आली आहे. आत जुनी मासिके व रहस्यकथा आहेत. ती रद्दीत घालून त्या पैशांत सतरंजी घ्यावी, अशी सूचना गेल्या बैठकीत झाली. सतरंजी हवी, हे मलाही मान्य आहे. तरी ठरविण्यापूर्वी माझे दोन शब्द ऐकून घ्यावेत, ही विनंती.

मी पेटी उघडून पाहिली. अनंत अंतरकरांनी १९४६ साली 'हंस' मासिक सुरू केले. 'मोहिनी' आणि 'नवल' हीही त्यांचीच. त्यांचे काही अंक आहेत. बाकी बहुतेक बाबुराव अर्नाळकरांच्या छोट्या कादंबऱ्या. अर्नाळकरांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९०६ साली जन्मलेल्या आणि १९९६ साली निवर्तलेल्या या गृहस्थांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही नावे घेताच पुढे बसलेल्या आजी हसल्या, ते मी पाहिले!

अशा पुस्तकांना कोणी थोर वाङ्मय म्हटले नाही. शाळेत ती बक्षीस म्हणून मिळत नसत, उलट हातात सापडली तर मार मिळे. पण चौथी शिकून सासरी आलेल्या कितीतरी बायांचे वाचन त्यांनीच टिकविले. आमच्या सासूबाई धानाच्या कणगीमागे मासिक लपवीत आणि सारी निजल्यावर कंदिलाच्या उजेडात वाचीत. मी नवी सून होते. दिवाळीची झाडझूड करताना तो गठ्ठा मी शेरावर विकून टाकला. त्यात एका क्रमशः कथेचा शेवटचा भाग होता, तो त्यांनी अजून वाचला नव्हता. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. मात्र शेवटच्या आजारपणात एकदा म्हणाल्या, "त्या गोष्टीत खून कोणी केला होता गं?" मला उत्तर देता आले नाही. तो अंक मी अजून शोधते आहे. माझ्या संग्रहाची सुरुवात ही अशी झाली.

'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण असे अंक घरी जपले कोणी? ज्यांनी वाचले त्यांनीच. बाकीच्यांच्या पुड्या झाल्या.

भगिनींनो, कागदाचे मोल आपल्या मुलखाला कोणी सांगावे? इथल्या रानातला बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीत गेला आहे. मासिकांचा स्वस्त कागद मात्र बहुधा लाकडाच्या कच्च्या लगद्याचा. उजेडाने व हवेने तो पिवळा पडतो, आतल्या आम्लाने ठिसूळ होतो. म्हणून अंकांना कडक ऊन दाखवू नये, फाटल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून आडवे ठेवावेत, पेटी जमिनीपासून वर विटांवर असावी, म्हणजे वाळवीचा धोका कमी होतो. पावसाळ्यानंतर एकदा सावलीत वारा द्यावा. वाळलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवावा; पाला ओला असला तर बुरशी येते.

माझी सूचना एवढीच. पेटी मंडळातच राहावी. प्रत्येक अंकाचे नाव, महिना, साल एका वहीत उतरावे. मुखपृष्ठाचे चित्र मुलींनी मोबाइलवर काढून ठेवावे. आपापल्या घरच्या माळ्यावरही पाहावे आणि तो अंक कोणी, कधी, कुठे बसून वाचला, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारून वहीत लिहावे. अंक पुन्हा कुठे मिळेलही, पण ही हकीकत बाई गेल्यावर मिळत नाही.

राहिली सतरंजी. तिच्या वर्गणीत पहिले नाव माझे लिहावे.