मांडी, उकिडवं आणि पबमेड

मी एका फिजिओथेरपी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आजचा विषय ऐकून काही जणी रेडिओचा आवाज कमी करतील, म्हणून आधीच सांगते, हे फक्त विद्यार्थिनींसाठी नाही. तुमची मुलगी, सून, भाची फिजिओथेरपी, शारीरिक शिक्षण, नर्सिंग, योगशास्त्र असं काही शिकत असेल, तर कधी ना कधी तिला ‘लिटरेचर रिव्ह्यू’ करावा लागतो. म्हणजे आपल्या प्रश्नावर जगात आजवर कोणी काय संशोधन केलं, ते शोधायचं, वाचायचं आणि तोलून मांडायचं. मुली अडतात त्या बहुतेक वेळा शोधण्यापाशीच.

किनेसिऑलॉजी म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र. स्नायू कसा ओढतो, सांधा किती वाकतो, भार कुठे पडतो, हे सगळं त्यात येतं. पण नुसता हा शब्द संगणकावर टाकाल तर तीन वेगवेगळ्या गोष्टी समोर येतात. एक हे शास्त्र. दुसरी, खेळाडूंच्या खांद्यावर-गुडघ्यावर दिसते ती रंगीत चिकटपट्टी, तिलाही किनेसिऑलॉजी टेप म्हणतात. आणि तिसरी ‘अप्लाइड किनेसिऑलॉजी’, म्हणजे हात दाबून स्नायूची ताकद बघायची आणि त्यावरून आजार ओळखल्याचा दावा करायचा. एका अमेरिकन कायरोप्रॅक्टरनं १९६४ मध्ये सुरू केलेली ही पद्धत संशोधनाच्या कसोटीला उतरलेली नाही. नावात ‘किनेसिऑलॉजी’ आहे म्हणून तिचे लेख आढाव्यात घातलेले मी पाहिलेत. तेव्हा विषयाचं नाव शोधू नका, आपला प्रश्न शोधा.

आता खरा प्रश्न घेऊ. आमच्याकडे एक विद्यार्थिनी होती, आपण तिला ताई म्हणू. दहा-अकरा वर्षं दवाखान्यात काम करून, दोन मुलांना शाळेत घालून ती पुन्हा शिकायला आली. तिच्या दवाखान्यात बचत गटाच्या बायका यायच्या, पापड लाटणाऱ्या. सगळ्यांचे गुडघे दुखायचे. दवाखान्यातला ठरलेला सल्ला एकच, “खाली बसणं बंद करा.” त्यावर एक मावशी तिला म्हणाल्या, “अगं, टेबलावर लाटायला जोर येत नाही. मजुरी किलोवर मिळते. खाली बसणं बंद केलं तर तू देणार आहेस का पैसे?” ताईला तेव्हा उत्तर देता आलं नाही, म्हणून तिनं हाच विषय घेतला. खाली बसून काम केल्यानं गुडघ्याची झीज होते का, किती वेळ बसल्यानं होते, आणि बसणं टाळता येत नसेल तर काय करावं.

तिनं पहिल्या दिवशी इंग्रजीत ‘गुडघेदुखी, बायका, महाराष्ट्र’ असे शब्द टाकले आणि हाती फारसं काही लागलं नाही. तिला वाटलं, आपल्याकडे संशोधनच झालेलं नाही. पण झालेलं आहे! पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड या उपक्रमातलं हे काम. त्याचा लेख २००१ साली भारतीय डॉक्टरांच्या नियतकालिकात आला. पण त्याच्या शीर्षकात ‘गुडघा’ नाही, ‘बायका’ नाही, ‘महाराष्ट्र’ही नाही. आहे ते ‘पश्चिम भारतातील ग्रामीण लोकसंख्या’ आणि ‘संधिवाती आजार’. कपाटात डबा आहे, पण त्यावर चिठ्ठी दुसरीच. आपण साखर शोधतो आणि चिठ्ठीवर ‘शर्करा’ लिहिलेलं असतं.

यावर उपाय जवळपास दीडशे वर्षांपूर्वीच ग्रंथपालांनी काढायला सुरुवात केली. अमेरिकेत जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी डॉक्टरनं १८७९ मध्ये वैद्यकीय लेखांची सूची छापायला सुरुवात केली, ‘इंडेक्स मेडिकस’. पुढे १९६० मध्ये त्यांच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयानं विषयांचे ठरीव शब्द नेमून दिले, त्याला ‘मेश’ म्हणतात. लेखकानं कोणताही शब्द वापरो, सूचीत त्या लेखावर ठरलेली चिठ्ठी लागते. आज हीच सूची ‘पबमेड’ या नावानं मोबाईलवर फुकट मिळते, तीन कोटींहून जास्त नोंदी आहेत तिच्यात. गुडघ्याच्या झिजेला कोणी ‘गोनआर्थ्रोसिस’ म्हणो, कोणी ‘डीजनरेटिव्ह’ म्हणो, मेशमध्ये शब्द एकच, ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस, नी’. आधी तो शोधा. मात्र अगदी नवीन लेखांना अजून चिठ्ठी लागलेली नसते, आणि काही नियतकालिकं या पद्धतीत येतच नाहीत, म्हणून साधे शब्दही सोबत टाकायचे. एकाच अर्थाचे शब्द ‘ऑर’नं जोडायचे, वेगवेगळे मुद्दे ‘अँड’नं. ‘नॉट’ शक्यतो वापरू नका, त्यानं चांगले लेखही गळून पडतात.

यातली गंमत मला बसण्यात दिसते. आपण सरसकट ‘खाली बसणं’ म्हणतो, पण मांडी घालणं वेगळं, उकिडवं बसणं वेगळं, एक पाय दुमडून एक उभा ठेवून भाकरी थापणं वेगळं, आणि वज्रासनासारखं पाय मागे घेणं वेगळं. प्रत्येकात गुडघा वेगळा वाकतो. इंग्रजीत उकिडव्याला ‘स्क्वॅटिंग’, गुडघे टेकण्याला ‘नीलिंग’, मांडीला ‘क्रॉस-लेग्ड सिटिंग’. एक पाय दुमडून बसण्याला मला आजवर नेमका शब्द सापडलेला नाही. या सगळ्यावर पांघरूण घालणारा शब्द आहे ‘हाय फ्लेक्शन’, म्हणजे गुडघा खूप वाकणं, आणि हा शब्द टाकल्यावर ताईला आशियाई देशांतलं बरंच काम मिळालं.

दुसरी चावी होती ‘ऑक्युपेशनल’, म्हणजे व्यवसायामुळे होणारं. गुडघा आणि काम यांवरचं जुनं संशोधन पाहिलं तर कोळशाच्या खाणीतले मजूर आणि फरशी बसवणारे कारागीर भेटतात. सगळे पुरुष. चुलीपुढे आणि पाटाशी बसून तासन्‌तास होणारं काम त्या शब्दाखाली क्वचितच येतं. यात नवल काही नाही, पण आढावा लिहिणारीनं ते लिहून ठेवायला हवं. जे सापडलं नाही तेही आढाव्यात नोंदवायचं असतं, कशाप्रकारे शोधलं आणि कुठे शोधलं यासकट.

बायकांवरचं महत्त्वाचं काम तिला सापडलं ते चीनमधलं. बीजिंगमध्ये साठी ओलांडलेल्या स्त्री-पुरुषांना विचारलं गेलं, की पंचविशीत तुम्ही रोज किती वेळ उकिडवे बसत होता, आणि त्यांच्या गुडघ्यांचे एक्स-रे काढले. २००४ मध्ये हे छापून आलं. फार तास उकिडवं बसणाऱ्यांमध्ये झीज जास्त आढळली. ताई खूश, ‘मॅडम, मिळालं!’ मी म्हटलं, जरा थांब. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे तास कोणाला नेमके आठवतात? आणि हा अभ्यास उकिडव्याचा, तुझ्या मावशी मांडी घालतात की उकिडव्या बसतात? ती पुढच्या आठवड्यात पापडाच्या शेडवर जाऊन बघून आली. निम्म्या बायका मांडी घालणाऱ्या निघाल्या.

एक चांगला लेख सापडला की त्याच्या शेवटी दिलेली यादी बघायची, त्यावरून मागचे लेख मिळतात. आणि गूगल स्कॉलरवर त्या लेखाखाली ‘साइटेड बाय’ असं असतं, तिथे दाबलं की त्यानंतर कोणी त्याचा आधार घेतला ते कळतं. लग्नात एक ओळखीची बाई भेटली की तिच्यामुळे सगळं गोत कळतं, तसंच हे.

उपचारांसाठी दोन जागा लक्षात ठेवा. ऑस्ट्रेलियातली ‘पेड्रो’, १९९९ पासून फिजिओथेरपीच्या प्रयोगांसाठी फुकट उपलब्ध, आणि प्रत्येक प्रयोगाला दहापैकी गुण दिलेले. दुसरी ‘कॉक्रेन’, जिथे एका प्रश्नावरचे सगळे प्रयोग गोळा करून तोललेले असतात. सविस्तर लेख नाही उघडला तरी साध्या भाषेतला सारांश सगळ्यांना वाचता येतो. इथे तारीख नक्की बघा. गुडघ्याची झीज आणि व्यायाम यावरचा कॉक्रेनचा आढावा २०१५ मध्ये ५४ प्रयोगांवर होता आणि सूर उत्साही होता. २०२४ च्या शेवटी तोच आढावा शंभराहून अधिक प्रयोगांवर पुन्हा झाला. दुखणं आणि हालचाल यांत व्यायामानं फरक पडतो असंच म्हटलं, पण तो फरक रुग्णाला जाणवण्याइतका मोठा आहे का, याबद्दल सूर बराच सावध झाला. जुना आढावा घेऊन बसलात तर रुग्णाला जास्त आशा दाखवाल.

खेळ आणि हालचालींसाठी ‘स्पोर्टडिस्कस’ ही मोठी सूची आहे, पण ती विकत घ्यावी लागते. पैशांचं बोलायचं तर १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं, पण सरकारी संस्थांसाठी. आपल्याकडची पुष्कळ फिजिओथेरपी महाविद्यालयं खाजगी आहेत, त्यांच्या मुली दाराबाहेरच राहिल्या. त्यांनी आधी ‘पबमेड सेंट्रल’ बघावं, तिथे पूर्ण लेख मोफत असतात. भारतातले पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’वर आहेत. आणि तरीही लेख मिळाला नाही तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल करा. लाजू नका, बहुतेक लेखक आनंदानं लेख पाठवतात. आणि एकदम चार हजार रुपये भरून लेख विकत घेण्याआधी ग्रंथपालाला विचारा, आम्ही त्यासाठीच बसलोय.

काही गोष्टी कुठल्याच सूचीत नसतात. बडोद्याच्या आबासाहेब मुजुमदारांनी संपादित केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांचा, मराठीत, १९३६ पासून निघाला. जोर, बैठका, मल्लखांब, सगळं त्यात आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधामचं ‘योगमीमांसा’ १९२४ मध्ये सुरू झालं, आसनांवर प्रयोगशाळेत काम करून ते छापणारं. बैठकांबद्दल किंवा वज्रासनाबद्दल लिहिताना अशा जुन्या कामाचा इतिहास म्हणून उल्लेख करावा, आजचा पुरावा म्हणून मात्र नव्हे. यासाठी धूळ झटकत कपाटापर्यंत जावंच लागतं.

शेवटचं एक, हल्ली फार वाढलेलं. मुली चॅटबॉटला विचारतात, ‘मला दहा संदर्भ दे.’ तो देतो. लेखकांची नावं खरी, नियतकालिक खरं, आणि लेख अस्तित्वातच नाही. गेल्या वर्षभरात असे लेख शोधण्यात माझे किती दिवस गेले ते मलाच माहीत. प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा, डीओआय क्रमांक टाकून तो खरंच तिथे जातो का तपासा. ज्या लेखाचा निदान सारांश तुम्ही वाचलेला नाही, तो यादीत घालू नका.

ताईचा आढावा तीन महिन्यांनी झाला. खाली बसणं बंद करा, असं आता ती सांगत नाही. शेडमध्ये तिनं दर अर्ध्या तासानं उठून चार पावलं चालायला लावलं, उकिडवं बसणाऱ्यांना बुटका पाट दिला, आणि मांडीच्या स्नायूंचे तीन व्यायाम शिकवले. याचा उपयोग होतो का, हे आता ती तिच्या प्रबंधात मोजतेय. पाटावर बसून लाटताना जोर कमी येतो अशी पहिली तक्रार त्याच मावशींनी केली आहे, तीसुद्धा तिनं वहीत लिहून घेतली.