मधुमेह आणि उद्याचे आयुर्मान



१९७०-७५ या काळात भारतीयांचे जन्मवेळचे सरासरी आयुर्मान ४९.७ वर्षे होते. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१६-२० या कालखंडाच्या सारणीत ते ७० वर्षांवर पोहोचले. या वीस वर्षांच्या कमाईत मोठा वाटा बालमृत्यू घटल्याचा आहे. १९७१ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे १२९ अर्भके दगावत असत. २०२० मध्ये हा आकडा २८ होता. पाळण्यातील मृत्यू इतके कमी झाल्यावर आयुर्मानातील पुढील वाढ प्रौढ वयातील मृत्युदरावर अधिकाधिक अवलंबून राहणार, हे उघड आहे. मधुमेहाचा प्रश्न नेमका येथे उपस्थित होतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार प्रौढांपैकी ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख व्यक्ती मधुमेही आहेत.

या आकड्याचे रूपांतर ‘आयुर्मान इतक्या वर्षांनी घटेल’ अशा विधानात कसे करतात? प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण उत्तरपत्रिकांत तो हमखास आढळतो. आयुर्मान म्हणजे आज जन्मलेल्या बालकाविषयीचे भाकीत नव्हे. आजचे वयोगटनिहाय मृत्युदर आयुष्यभर तसेच कायम राहिले, तर ते सरासरी किती वर्षे जगेल, एवढेच ते सांगते. त्यामुळे भविष्याचे प्रक्षेपण करणे म्हणजे कोणत्या वयात मृत्युदर किती बदलेल, याची गृहीतके मांडणे होय.

या विचाराचे मूळ जुने आहे. डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने १७६० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे देवीच्या रोगाचे गणित मांडले. देवी नाहीशी झाली तर सरासरी आयुष्य २६ वर्षे ७ महिन्यांवरून २९ वर्षे ९ महिन्यांवर जाईल, असे उत्तर त्याला मिळाले. एखादे मृत्युकारण सारणीतून वगळून फरक पाहण्याची ही रीत आजही वापरली जाते.

मधुमेहाच्या बाबतीत मात्र ती अपुरी पडते. देवीचा मृत्यू देवीच्याच नावे लिहिला जाई. मधुमेही व्यक्ती हृदयविकाराने किंवा मूत्रपिंड निकामी होऊन दगावते आणि दाखल्यावर बहुधा तेच कारण येते. शिवाय २०२० मध्ये भारतात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते. म्हणून अभ्यासक दुसरी वाट धरतात : मधुमेह असलेल्या व नसलेल्या व्यक्तींच्या मृत्युदरांची तुलना. श्रीमंत देशांतील अशा पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेचे मृत्युदर धरता, पन्नाशीतील व्यक्तीचे आयुष्य, मधुमेहाचे निदान पन्नासाव्या वर्षी झालेले असल्यास सरासरी ६ वर्षांनी, चाळिसाव्या वर्षी झालेले असल्यास १० वर्षांनी, तर तिसाव्या वर्षी झालेले असल्यास १४ वर्षांनी कमी भरते, असे त्यात दिसले.

आता साधा हिशेब करून पाहावा. पन्नाशी गाठलेल्या शंभर जणांपैकी २० जणांना त्याच वयात मधुमेह जडला, तर एकूण हानी १२० वर्षांची, म्हणजे माणशी १.२ वर्षांची. रुग्ण ३० झाले तर ती १.८ वर्षे होते. परंतु रुग्ण २०च राहिले आणि रोग मात्र त्यांना तिशीतच जडलेला असला, तर हानी २८० वर्षांची, माणशी २.८ वर्षांची. अमेरिकी दर भारताला जसेच्या तसे लागू पडतील असे नाही. पण रुग्णसंख्येपेक्षा रोग जडण्याचे वय अधिक निर्णायक ठरू शकते, हे या उदाहरणातून स्पष्ट होते. वर्तमानपत्रांतील मथळे बहुधा संख्येपाशीच थांबतात.

संख्या तर कधी कधी चक्क दिशाभूल करते. उपरोक्त पाहणीत केरळमध्ये मधुमेहाचे प्रमाण २५.५ टक्के, तर उत्तर प्रदेशात ४.८ टक्के आढळले. आयुर्मान मात्र २०१४-१८ मध्ये केरळचे सुमारे ७५ आणि उत्तर प्रदेशाचे सुमारे ६५ वर्षे होते. मधुमेहाने आयुष्य वाढते, असा याचा अर्थ कोणी काढणार नाही. केरळात बालमृत्यू कमी आहेत, अधिक लोक उतारवयापर्यंत पोहोचतात. शिवाय कोणत्याही प्रदेशात उपचार सुधारले, की रुग्ण अधिक काळ जगतात आणि त्यामुळेच रुग्णांचे प्रमाण वाढलेले दिसते. प्रमाणाची वाढ नव्या रुग्णांमुळे आहे की जुने रुग्ण तग धरून राहिल्यामुळे, हे वेगळे केल्याविना केलेले प्रक्षेपण फसते.

उत्तर प्रदेशाचे चित्रही दिसते तितके निश्चिंत नाही. तेथे पूर्वमधुमेहाच्या अवस्थेतील व्यक्ती मधुमेहींपेक्षा कितीतरी अधिक आहेत. त्यांच्यातील किती जण आणि कोणत्या वयात ती सीमा ओलांडतात, यावर त्या राज्याचे पुढील आयुर्मान बऱ्याच अंशी ठरेल.

असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मधुमेहाची लोकसंख्याधारित तपासणी वयाच्या तिसाव्या वर्षापासून सुरू होते. मोठ्या संख्येने रुग्ण शोधायचे तर ही मर्यादा व्यवहार्य आहे. मात्र वरच्या हिशेबात सर्वाधिक वर्षे गमावणारा गट कमी वयात रोग जडणाऱ्यांचा आहे. पंचविशीत मधुमेह जडलेल्या आणि त्याची लक्षणे न जाणवणाऱ्या तरुणाला या तपासणीपर्यंत पोहोचण्यास आणखी पाच वर्षे लागतात.