किरणोत्सर्गाचें मोजमाप : हॅनफर्ड आणि चंद्रपूर



नासलेलें पाणी वासावरून ओळखतां येतें; किरणोत्सर्गास मात्र रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. तो ओळखावयाचा यंत्रानें. परंतु यंत्रानें दिलेल्या आंकड्याचा अर्थ यंत्र सांगत नाहीं. त्या अर्थाविषयीं आज दोन शब्द बोलावयाचे आहेत.

अमेरिकेंत कोलंबिया नदीच्या कांठीं हॅनफर्ड येथें १९४३ मध्यें अणुबाँबसाठीं प्लुटोनियम करण्याचा कारखाना उभा राहूं लागला. नागासाकीवरील बाँबमधलें प्लुटोनियम तेथलेंच. हें द्रव्य बनविणारी तेथली शेवटची भट्टी १९८७ मध्यें थांबली. भोंवतालची माती, गाळ व मासे यांची तपासणी अद्याप चालूच आहे. पण १९४५ ते १९८० या काळांत उघड्या हवेंत झालेल्या बाँब-चांचण्यांची धूळ साऱ्या पृथ्वीवर पडली आहे. म्हणून 'सांपडलें' एवढें पुरत नाहीं. कारखान्याची झळ न लागलेल्या तशाच मातीपेक्षां किती अधिक सांपडलें, हें पाहावें लागतें.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांत असा कारखाना नव्हता. तरी हाच प्रश्न तेथील राखेस विचारतां येतो. चंद्रपूरच्या औष्णिक विद्युत्-केंद्रांत १९८३ पासून कोळसा जळत आहे. कोळशांत युरेनियम व थोरियम अत्यल्प असतात. कोळसा जळून जातो, ते बहुतांशीं राखेंत उरतात. शंभर किलो कोळशाची चाळीस किलो राख झाली, तर त्यांचें प्रमाण सुमारें अडीचपट होतें.

ही राख कशाशीं ताडावयाची? धुरापासून दूर असलेल्या गडचिरोलीच्या रानांतली माती घ्यावी, असें सहज वाटेल. चूक होते ती येथेंच. चंद्रपूरचा कोळसा वालुकाश्माच्या थरांत आहे. गडचिरोलीच्या मोठ्या भागांत ग्रॅनाइटच्या जातीचे प्राचीन खडक आहेत, आणि ग्रॅनाइटमध्यें हीं द्रव्यें मुळांतच अधिक असतात. त्याच्याशीं ताडली तर राख निर्दोष ठरेल! तुलना हवी ती राखेच्या तळ्यापासून वरच्या अंगाला, त्याच खडकावर असलेल्या विहिरींशीं.

आपल्याकडील राख पुष्कळदां सामान्य मातीहून फारशी निराळी नसते. तेव्हां घाबरण्याचें कारण नाहीं. परंतु तळ्याजवळच्या विहिरीवर घागर भरणाऱ्या बाईला 'पुष्कळदां' हें उत्तर नव्हे. तिला तिच्या विहिरीचा आंकडा मिळाला पाहिजे, आणि त्याशेजारीं तुलनेचाहि. जेथें अद्याप भट्टी पेटलेली नाहीं, तेथें तर मोजणी आजच व्हावी. कारण पूर्वस्थिति मागाहून मोजतां येत नाहीं.