पत्र्याचा गोठा बांधताना
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर सकाळपासून बोलणं झालं. मी गोठ्यावर बोलणार आहे. विषय लहान वाटेल. पण ऐन पेरणीत एक बैल बसला की जोडी मोडते, आणि भाड्याचा ट्रॅक्टर आपल्या वावरात येईपर्यंत वाफसा निघून जातो.

माझंच सांगतो. उन्हाळ्याच्या शेवटी घाईनं पत्रे टाकले. बोल्ट महाग वाटले म्हणून वर दगड ठेवले. मृगाआधीच्या पहिल्याच वादळात दोन पत्रे उडाले, त्यातला एक बैलाच्या पुठ्ठ्यावर आला. त्या साली डवरणी शेजाऱ्याच्या बैलांनी केली, तीही त्याची झाल्यावर. तोवर तणानं वावर खाल्लं होतं. बोल्टांत वाचवलेले पैसे एका निंदणालाही पुरले नाहीत.

तेव्हा दगड नकोत. आकड्याचे बोल्ट घ्या, त्यात रबराचा वायसर घाला. भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडा; खोलगटात पाडलं तर तिथूनच गळतं. एक पत्रा दुसऱ्यावर दीड पन्हळ चढला पाहिजे.

आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते. वरवर गाडलेला खांब तिच्याबरोबर हलतो आणि कलतो. मुरूम लागेपर्यंत खड्डा न्या, किंवा जागाच मुरमाड निवडा. जमीन फूट-दीड फूट उंच करा. एका बैलाला साडेपाच फूट लांब आणि चार फूट रुंद जागा लागते. गव्हाण आणि मागची नाली त्याशिवाय. नालीकडे ४० फुटाला १ फूट असा उतार ठेवा. खरं तर हे मिस्त्रीला विचारण्याआधी घरच्या बाईला विचारा. शेणमूत काढायला रोज तीच वाकते.

चोरीच्या भीतीनं काहीजण चारही बाजू पत्र्यानं बंद करतात. भीती खोटी नाही. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा आत भट्टी पेटते. पत्रा चार फुटांपर्यंतच लावा, वर जाळी. थंडीत पोती बांधा. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन आत कमी येतं. छप्पर कडेला आठ फूट तरी हवं. त्याला वरून चुना मारा, खालून वीतभर जागा सोडून तुराट्यांचा ताटवा बांधा.

पऱ्हाट्यांचा नको. उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. २०१७ साली तिनं काय केलं ते इथं कुणाला सांगायला नको. छपरात पऱ्हाट्या ठेवणं म्हणजे तिला फुकट बिऱ्हाड देणं.

कडब्याची गंजी गोठ्याला चिकटून रचू नका. एक ठिणगी पुरते, मग दावं सोडायलाही वेळ मिळत नाही.

भिंतीच्या पत्र्याची धार जनावराला कापते. तिच्यावर जुन्या टायरची पट्टी बसवा. तसा एक तुकडा आणून मंडपामागे ठेवला आहे, जाताना बघून घ्या.