चिपळूणला जावं का?

धुळ्याच्या देवपुरातून कोकणची सहल ठरते. चिपळूणचं नाव निघतं, आणि कुणीतरी म्हणतं, "नको, ते पुराचं गाव!" ही भीती खोटी नाही. २००५ आणि २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं. पण कारण समजून घेऊ. सह्याद्रीवर मुसळधार पाऊस पडतो. वाशिष्ठी नदी फुगते. त्याच वेळी खाडीला भरती असली, तर पाण्याचा निचरा अडतो. म्हणजे गाव टाळायचं नाही, वेळ टाळायची.

कुणी विचारेल, धोका पत्करायचाच कशाला? ऐन पावसाळ्यात, हवामान खात्याचा इशारा असताना, मुळीच पत्करू नका. पण दिवाळीनंतर वाशिष्ठी शांत असते. तेव्हाही आपण पाठ फिरवली, तर पुरातून सावरलेल्या दुकानदाराचं, रिक्षावाल्याचं पुन्हा नुकसान होतं. आपल्या पांझरेलाही पूर येतो. म्हणून पाहुण्यांनी धुळ्याला कायमचं टाळलं, तर आपल्याला रुचेल का?

तेव्हा पुन्हा सांगते, गाव टाळू नका, वेळ टाळा. निघण्याआधी हवामानाचा अंदाज ऐका. परशुरामाचं दर्शन घ्या. १८६४ साली सुरू झालेलं चिपळूणचं वाचनालयही पाहा. आणि खरेदी तिथल्याच बाजारात करा.