दुखापतीची नोंद : मालकाचे कर्तव्य व कुटुंबाचा आधार

(मंडळाच्या कारधा येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आजच्या संमेलनात शिक्षण, विवाह व वसतिगृह या विषयांवर विचारप्रवर्तक भाषणे झाली. आमच्याकडे आलेला विषय तितका गोड नाही. कामावर होणाऱ्या दुखापती व कामामुळे जडणारे आजार यांची नोंद मालकाने ठेवावी, हा तो विषय. प्रथमदर्शनी तो केवळ कारकुनी वाटेल. परंतु कर्त्या पुरुषाचा वा कमावत्या भगिनीचा हात निकामी झाल्यावर घरची चूल पेटणार की नाही, हे पुष्कळदा वहीतील एका ओळीवर ठरते, म्हणून आपण थोडा वेळ लक्ष द्यावे, अशी विनंती आहे.

ज्या गावी आपण जमलो आहोत, त्या गावाला नोंदीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. वैनगंगेला पूर आला म्हणजे कारध्याला पाणी किती चढले, हे सारा भंडारा जिल्हा विचारतो. २०२० च्या ऑगस्टअखेरच्या महापुरात हाच आकडा लोक जीव मुठीत धरून ऐकत होते. आज पाणी किती वाढले, हे काल किती होते ते लिहिलेले असेल तरच कळते. कामाच्या जागेवरील धोक्याचेही तसेच आहे.

मोठा अपघात लपत नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगर येथील आयुधनिर्माणीत स्फोट होऊन किमान आठ कामगार मृत्युमुखी पडले, तेव्हा ती वार्ता देशभर पोहोचली. परंतु राईस मिलच्या पट्ट्यात सापडलेले बोट, भट्टीपाशी भाजलेला पाय किंवा तंबाखूच्या धुळीने जडलेला खोकला यांची वार्ता कोण छापणार? अशा दुखापतींना वहीखेरीज दुसरा साक्षीदार नसतो.

जखमी कामगाराचा हक्क ही कल्पना कोणी परदेशातून आणून आपल्यावर लादलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८८४ साली सरकारकडे जो अर्ज केला, त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्याची सुटी व दुपारची विश्रांती यांबरोबरच, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, अशी मागणी त्यात होती. पुढे १९२३ चा नुकसानभरपाई कायदा, १९४८ चा कारखाने कायदा व कर्मचारी राज्य विमा कायदा आणि १९५२ चा खाण कायदा आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्यांची जागा नव्या श्रमसंहितांनी घेतली आहे. मूळ तत्त्व मात्र कायम आहे. कामाच्या ओघात अपघात होऊन मृत्यू आला, किंवा जखमी मनुष्य ४८ तास वा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर मालकाने अधिकाऱ्यांस कळविलेच पाहिजे. संहितेच्या परिशिष्टात २९ आजारांची यादी आहे. त्यांपैकी एखादा आढळल्यास मालकाने, तसेच तपासणाऱ्या डॉक्टरानेही, तो कळवावयाचा असतो.

या ४८ तासांच्या अटीतून एक पळवाट निघते. जखमी मनुष्यास दुसऱ्या दिवशी बोलावून घ्यावयाचे, बाकावर बसवावयाचे आणि हजेरी लावावयाची. म्हणजे कागदोपत्री अपघात झालाच नाही! त्या दिवसाची रोजी मिळाल्याने घरची मंडळी समाधान पावतात. परंतु त्या एका हजेरीपायी पुढचा सारा हक्क अडचणीत येतो, हे त्यांच्या ध्यानी येत नाही.

आजारांची गोष्ट याहून बिकट आहे. आपल्या तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीजची विषबाधा मज्जासंस्थेवर घाला घालते. चाल बिघडते, अंग ताठरते, चेहरा निर्विकार होतो, वाणी मंदावते. खाण कायद्याखाली हा विकार कळविणे बंधनकारक झाले होते. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिसही असाच वर्षानुवर्षे छातीत साचत जातो आणि पुष्कळदा क्षय म्हणून त्यावर उपचार होत राहतात. मनुष्य कोठे, किती वर्षे, कोणत्या धुळीत राबला, हे लिहिलेले नसेल, तर डॉक्टराने निदान कशावरून करावे? सन १७०० मध्ये इटलीतील रामाझिनी या वैद्याने आपल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे की, रोग्यास त्याचा धंदा कोणता, हेही अवश्य विचारावे.

आता थोडे आपल्या घरातले बोलू. आपल्या समाजात कामगार आहेत, तसे लहानमोठे मालकही आहेत. पुष्कळ ठिकाणी काकांच्या कारखान्यात पुतण्या आणि मामांच्या दुकानात भाचा काम करतो. पुतण्याचा हात यंत्रात गेला, तर काका त्याला दवाखान्यात नेतात, खर्च करतात, वहिनींच्या हाती चार पैसेही ठेवतात. लिहून मात्र कोणी ठेवत नाही. "घरच्या माणसाचा कागद कशाला?" असे म्हटले जाते. काकांच्या मायेविषयी आम्हांस शंका नाही. परंतु काका उद्या नसतील, कारखाना विकला जाईल, भावाभावांत वाटणी होईल. पुतण्याचा हात मात्र जन्मभर तसाच राहील. नुकसानभरपाईचा दावा सामान्यतः दोन वर्षांच्या आत करावा लागतो. तिची रक्कम कामगाराच्या वेतनावर व वयावर ठरते. यांपैकी कशाचाच लेखी पुरावा नसेल, तर केवळ नात्याच्या आधारावर तो मुलगा काय सिद्ध करणार?

मालकबंधूंना आमचे सांगणे असे की, नोंद करणे म्हणजे अपराधाची कबुली नव्हे. खरी नोंद खोट्या दाव्यापासून आपलेही रक्षण करते. एकाच यंत्रापाशी तीनदा बोटे चेचली गेली, हे वहीत दिसले, तर चौथ्याचे बोट वाचविता येते. ज्यांच्याकडे दहापेक्षा कमी माणसे आहेत, त्यांच्यावर कायद्याची ही सक्ती कदाचित नसेल. तरी दहा रुपयांची वही ठेवण्यास कोणाची मनाई आहे? जखमी माणसाचे नाव, तारीख व वेळ, जागा, चालू असलेले काम, दुखापत झालेला अवयव, पाहणाऱ्या दोघांची नावे, केलेले उपचार आणि कामावर परतल्याचा दिवस एवढे त्याच दिवशी लिहावे. खाली जखमी माणसाची सही वा अंगठा घ्यावा व त्याला एक प्रत द्यावी.

भगिनींनीही घरी एक पिशवी करावी. तीत नेमणुकीचे पत्र, वेतनाच्या चिठ्ठ्या, वयाचा दाखला, दवाखान्याचे कागद व विड्या वळणाऱ्या भगिनींची ओळखपत्रे जपून ठेवावीत.

शेवटी मंडळास एक सूचना. अमेरिकेत मालकाला वर्षभरातील दुखापतींचा गोषवारा १ फेब्रुवारीपासून ३० एप्रिलपर्यंत कामगारांच्या नजरेस पडेल अशा जागी लावावा लागतो. आपल्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो. त्याच्याच जोडीला समाजातील किती माणसांना वर्षभरात कामावर इजा झाली, किती जणांची नोंद झाली आणि किती जणांना भरपाई मिळाली, हे तीन आकडे, कोणाचेही नाव न घेता, वाचले जावेत. पहिल्या वर्षी ते ऐकताना आपणांपैकी काहींना अवघडल्यासारखे होईल. तरीही ते वाचावेत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.