छायाचित्राखालची ओळ



सैन्यातील छायाचित्रे आणि मुलाखती हा विषय कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने का घ्यावा, असे आपल्या मनात आले असेल. माझे शालेय शिक्षण आठवीत संपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर. परंतु फोटोखालची ओळ माणसाचे काय करू शकते, हे मी कारखान्याच्या फाटकावर शिकलो. १९९८ साली आमच्या द्वारसभेचा फोटो वर्तमानपत्रात आला. हात उंचावून उभा होता एक, आणि खाली नाव छापले होते दुसऱ्याचेच. तो बिचारा त्या दिवशी आजारी आईपाशी गावी होता. चौकशीची नोटीस मात्र त्याला आली. बातमीदाराला ते नाव सांगणारा मीच होतो. पाठमोरा पाहिला आणि सांगून मोकळा झालो!

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचू लागलो आणि इवो जिमाच्या त्या प्रसिद्ध चित्रापाशी येऊन थांबलो. २३ फेब्रुवारी १९४५ रोजी त्या जपानी बेटावरील सुरिबाची डोंगरावर सहा अमेरिकन सैनिक ध्वज उभारीत आहेत, हे जो रोझेन्थाल यांचे छायाचित्र आपण पाहिले असेल. त्यात चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. रोझेन्थालनी नावे विचारलेली नव्हती. चित्र जगभर गाजले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी या सैनिकांना हुडकून काढण्याचा हुकूम दिला. रेने गॅग्नन नावाच्या तरुण सैनिकाने चित्र पाहून नावे सांगितली आणि ती जाहीर झाली.

त्यांत एक नाव हॅन्सनचे होते. वास्तविक तो सैनिक होता हार्लन ब्लॉक. दोघेही त्याच बेटावर मारले गेले होते, त्यामुळे सांगायला यायचे कोण? ब्लॉकच्या आईने पाठमोऱ्या मुलाला ओळखले होते. पण आईच्या ओळखण्याला दप्तरात किंमत नसते. आयरा हेज हा पिमा जमातीचा सैनिक स्वतः त्या चित्रात होता. त्याने अधिकाऱ्याला चूक सांगितली. नावे आता जाहीर झाली आहेत, तू गप्प राहा, असे उत्तर त्याला मिळाले. सैन्यातली खरी अडचण इथे आहे. ओळ दुरुस्त करायची म्हणजे वरिष्ठ चुकला असे म्हणायचे, आणि ते शिपायाने म्हणायचे! १९४६ साली हा हेज वाटेत मिळेल त्या वाहनाने टेक्सासपर्यंत गेला आणि ब्लॉकच्या वडिलांना त्याने खरे ते सांगितले. १९४७ मध्ये सैन्याने चूक मान्य केली.

एवढ्याने संपले नाही. २०१६ साली जॉन ब्रॅडलींच्या जागी हॅरल्ड शुल्ट्झ यांचे नाव आले. २०१९ साली तर ज्यांनी नावे सांगितली ते गॅग्ननच चित्रात नाहीत, तो सैनिक हॅरल्ड केलर होय, असे ठरले. म्हणजे ओळ लिहिल्यापासून चौऱ्याहत्तर वर्षे लागली. यात गॅग्ननने लबाडी केली असे मी म्हणणार नाही. तसे म्हणण्याचा अधिकार मला तरी नाही.

आता मुलाखतीचे. रोझेन्थालनी त्याच डोंगरावर ध्वजाखाली जमलेल्या सैनिकांचा आणखी एक फोटो घेतला होता, तो मुद्दाम उभे करून. काही दिवसांनी ग्वाम बेटावर कोणी विचारले, ‘तुमचा तो फोटो जुळवून घेतलेला का?’ कोणता फोटो, हे त्यांनी विचारलेच नाही. दुसराच डोळ्यांपुढे ठेवून ते ‘हो’ म्हणाले. झाले! ध्वज उभारण्याचे चित्र बनावट, असा बोभाटा झाला. शेजारी उभ्या असलेल्या जेनॉस्ट या सैनिकाने तोच क्षण चलच्चित्रात टिपला होता, त्यावरून खरे दिसत होते. तरी २००६ साली मरेपर्यंत रोझेन्थालना तोच खुलासा करीत राहावे लागले.

आज अमेरिकन सैन्यात फोटोखाली कोण, काय, कुठे, केव्हा, आणि फोटो कोणी काढला हे लिहिण्याचा दंडक आहे. मुलाखत देणाऱ्या शिपायाला सांगतात की, स्वतःच्या कामापुरते बोल, तर्क लढवू नकोस. आमच्या संघटनेतही मी हेच चालवले आहे. बातमीदार आला की अगोदर प्रश्न परत म्हणून घ्यायचा. नाव ज्याचे त्यालाच विचारायचे, आणि ठाऊक नसेल तर ‘एक कामगार’ एवढेच सांगायचे. काही तरुण मंडळींना हे फार संथ वाटते.

त्या शुल्ट्झविषयी एक सांगायचे राहिले. लढाईनंतर त्यांनी लॉस एंजेलिसला टपालखात्यात नोकरी केली. चित्रात आपण आहोत, हे जेवताना एकदा सावत्र मुलीजवळ बोलले म्हणतात, तेवढेच. १९९५ साली ते वारले. त्यांचे नाव त्या चित्राखाली आले ते त्यानंतर एकवीस वर्षांनी.